९३ टक्के देहबोली? आपल्या बोलण्याविषयी थोडे सविस्तर

नवी मुंबईत ऐरोली आणि महापे येथील कार्यालयांत संवादकौशल्याच्या ज्या कार्यशाळा होतात, त्यांपैकी बहुतेकींत पहिल्या अर्ध्या तासातच एक गोल आकृती पडद्यावर येते. माणसाच्या संवादात शब्दांचा वाटा ७ टक्के, आवाजाचा ३८ टक्के आणि देहबोलीचा ५५ टक्के असतो, असे तिच्यात लिहिलेले असते, आणि समोर बसलेले लोक लगोलग फोन काढून तिचे छायाचित्र घेतात. मी स्वतः अशा कार्यशाळा घेते, पण ही आकृती दाखवत नाही. त्यामुळे सत्र संपल्यावर आयोजकांपैकी कोणीतरी हमखास विचारते, "मॅडम, ती ९३ टक्क्यांची स्लाइड राहिली का?" चहाच्या वेळेत या प्रश्नाचे पुरते उत्तर देता येत नाही, म्हणून ते येथे लिहीत आहे.

त्या आकड्यांविषयी शंका येण्यासाठी प्रयोगशाळेची गरज नाही. सोसायटीची रविवारी सकाळी दहाची सभा पाण्याची टाकी साफ करायची असल्यामुळे शनिवारी संध्याकाळी सातला घेतली आहे, आणि येताना मागच्या तिमाहीच्या मेंटेनन्सची पावती आणायची आहे, एवढा मजकूर शेजारच्यांना केवळ हातवारे, चेहरा आणि हुंकार यांच्या आधाराने सांगून पाहावा. त्यांना पाणी, सात आणि कुठलासा कागद एवढेच कळेल, आणि बहुधा ते टँकर मागवायला निघतील.

मग हे आकडे आले कोठून? अल्बर्ट मेहराबियन हे लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ. त्यांनी सहकाऱ्यांसह केलेले दोन लहान अभ्यास १९६७ मध्ये प्रसिद्ध झाले. एका अभ्यासात काही सुटे शब्द निरनिराळ्या स्वरांत ऐकवले गेले आणि बोलणारीच्या मनातला भाव कोणता वाटतो, असे ऐकणाऱ्यांना विचारले गेले. दुसऱ्यात 'कदाचित' या अर्थाचा एकच शब्द आवडीच्या, नावडीच्या आणि तटस्थ स्वरात ऐकवला गेला आणि त्याच्या जोडीला चेहऱ्यांची छायाचित्रे दाखवली गेली. या दोहोंचे निष्कर्ष एकत्र करून ७, ३८ आणि ५५ हे सूत्र मांडले गेले. म्हणजे प्रश्न एवढाच होता की शब्द एक सांगतो, स्वर दुसरे सांगतो आणि चेहरा तिसरेच सांगतो, अशा वेळी समोरच्याला आपण आवडतो की नाही हे लोक कशावरून ठरवतात. या प्रयोगांत हातवारे नव्हते, उभे राहण्याची ढब नव्हती, सलग संभाषणही नव्हते; त्यामुळे ५५ टक्क्यांना 'देहबोली' म्हणण्यालासुद्धा आधार नाही, तो केवळ चेहरा होता. माणूस आपल्या भावनांविषयी किंवा आवडीनिवडींविषयी बोलत नसेल तर हे सूत्र लावू नये, असे खुद्द मेहराबियन यांनीच स्पष्ट केले आहे. तरीही ते टिकले, कारण ते गोल आकृतीत सुबक बसते आणि शब्दांवर मेहनत घ्यायला कंटाळलेल्या वक्त्याला त्यातून दिलासा मिळतो.

माझे म्हणणे असे की शब्द, स्वर आणि शरीर यांच्यात टक्क्यांची वाटणीच होऊ शकत नाही, कारण ही तिन्ही एकमेकांच्या आधाराने वाचली जातात, आणि तिन्ही मिळून बोलणारी व ऐकणारी माणसे कोण आहेत व कोठे उभी आहेत यांच्या आधाराने वाचली जातात. कोणतेही एक सुटे काढले की जे उरते तो अंदाज असतो.

आधी एक सीमारेषा नीट आखायला हवी. तोंडातून निघते ते शाब्दिक आणि बाकीचे अशाब्दिक, अशी सर्वसाधारण समजूत असते, आणि ती दोन्ही टोकांना चुकते. कर्णबधिर व्यक्ती वापरतात ती भारतीय सांकेतिक भाषा हातांची असली तरी पूर्णपणे शाब्दिक आहे. तिला शब्दसंग्रह आहे, व्याकरण आहे, आणि तिच्यात वाद घालता येतो, विनोद करता येतो, खोटेही बोलता येते. तिच्या संशोधन आणि प्रशिक्षणासाठी २०१५ मध्ये दिल्लीत एक राष्ट्रीय केंद्रही स्थापन झाले. उलट सुस्कारा, खाकरणे, नाक मुरडत काढलेला 'हुं', आवाजाची पट्टी, बोलण्याचा वेग हे सारे तोंडातूनच निघते, पण ते शब्द नव्हेत. हा फरक ध्यानात घेतला की आवाज नेमका कोणत्या बाजूचा, हा वाद आपोआप मिटतो.

आता शब्दांकडे वळू. त्यांना ७ टक्क्यांवर आणून ठेवणाऱ्यांना मी मम्मटाचे उदाहरण सांगते. अकराव्या शतकातील या काश्मिरी पंडिताने 'काव्यप्रकाश' या ग्रंथात 'सूर्य मावळला' हे साधे वाक्य घेऊन, ऐकणारा बदलला की त्याचा अर्थ कसा बदलतो, हे दाखवले आहे. सैनिकाला ती हल्ल्याची वेळ वाटते, गुराख्याला गुरे परत न्यायची आठवण होते, प्रियकराला भेटायला निघालेली स्त्री त्यातून वेगळाच इशारा घेते, आणि दिवसभर राबलेल्याला आता काम थांबवावे असे वाटते. शब्द तेच आणि वाच्यार्थही तोच, तरी सूचित अर्थ माणसागणिक निराळा. ठाणे स्टेशनात हाच प्रयोग रोज संध्याकाळी होतो. "कर्जत फास्ट गेली" हे वाक्य पुलावरून धावत येणाऱ्याला कोणी सांगितले, तर त्याचा अर्थ 'आता धावू नका' असा होतो. तेच घरी फोनवर सांगितले की 'जेवायला थांबू नका' असा होतो, सोबतच्या मित्राला सांगितले की 'चल, चहा घेऊ' असा होतो, आणि ज्याच्यामुळे उशीर झाला त्याला सांगितले तर ती सरळ तक्रार असते. स्वर न बदलताही हे अर्थ बदलतात, ही यातली महत्त्वाची गोष्ट आहे.

मम्मटानंतर कित्येक शतकांनी इंग्रज तत्त्वज्ञ पॉल ग्राइस यांनी हाच विषय वेगळ्या वाटेने मांडला. १९७५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानुसार, बोलणारे एकमेकांना सहकार्य करत आहेत असे आपण गृहीत धरून चालतो. माणूस गरजेपुरते, खरे, विषयाला धरून आणि स्पष्ट बोलेल अशी आपली अपेक्षा असते, आणि त्याने यांतले काही उघडपणे मोडले की आपण त्यामागचा हेतू शोधू लागतो. वॉचमन जेव्हा म्हणतो, "साहेब, गाडी गेटसमोर आहे," तेव्हा साहेबांना ते ठाऊकच असते. माहिती म्हणून हे वाक्य निरुपयोगी आहे, आणि म्हणूनच ते विनंती म्हणून ऐकू येते. वॉचमनने थेट 'गाडी काढा' म्हटले असते तर साहेबांचा मान दुखावला असता, आणि काहीच म्हटले नसते तर चेअरमनकडून बोलणी खावी लागली असती. एवढी सगळी कसरत केवळ शब्दांच्या निवडीतून होते. हात पाठीमागे बांधून आणि निर्विकार चेहऱ्याने हे वाक्य म्हटले तरीही ती होते.

शब्दांचा आणखी एक उपयोग आहे, आणि त्यात माहितीचा लवलेश नसतो. सकाळी पिशवी घेऊन निघालेल्या माणसाला जिन्यात भेटणारा शेजारी विचारतो, "काय काका, बाजारात का?" पिशवी दिसत असते, कोथिंबिरीची जुडी आणायची आहे हे सांगण्याची अपेक्षा नसते, "हो, जरा जाऊन येतो" एवढ्यावर दोघेही समाधानी असतात. मानववंशशास्त्रज्ञ मालिनोव्स्की यांनी १९२३ मध्येच दाखवून दिले होते की अशा बोलण्याचे काम माहिती देण्याचे नसून माणसांमधले नाते चालू ठेवण्याचे असते. हे बोलणे पोकळ म्हणून हिणवणाऱ्यांनी एक आठवडा ते पूर्ण बंद करून पाहावे. 'यांचे काही बिनसले आहे का?' ही चौकशी चौथ्या मजल्यापर्यंत पोहोचेल.

शरीराकडे येताना मला भरताच्या नाट्यशास्त्राचा आधार जास्त भरवशाचा वाटतो, कारण त्यात टक्के नाहीत. अभिनयाचे चार प्रकार तेथे सांगितले आहेत. अवयवांनी होतो तो आंगिक, वाणीने होतो तो वाचिक, वेशभूषेने होतो तो आहार्य आणि आतून उमटतो तो सात्त्विक. यातल्या आहार्याचा आपल्या कार्यशाळांत अनेकदा विचारच होत नाही, किंवा होतो तो टाय बांधण्यापुरता. प्रत्यक्षात फलाटाच्या टोकाला पांढरा शर्ट आणि काळा कोट दिसला की तोंडातून शब्द निघण्याआधीच अर्धी गर्दी खिसे चाचपू लागते. सात्त्विकात स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभंग, कंप, वैवर्ण्य, अश्रू आणि प्रलय (म्हणजे भान हरपणे) असे आठ भाव येतात. घाम फुटणे, आवाज चिरकणे, चेहऱ्याचा रंग उतरणे यांवर माणसाचा सहजासहजी ताबा नसतो, हे भरताच्या परंपरेने हेरले होते. म्हणूनच हे भाव रंगमंचावर आणण्यासाठी नटाला मन एकाग्र करावे लागते, असे तेथे मानले आहे. गडकरी रंगायतनच्या मागच्या रांगेतल्या प्रेक्षकाला नटाच्या डोळ्यांतले पाणी दिसत नाही, पण चिरकलेला आवाज पोहोचतो, हा माझा अनुभव आहे.

हातवाऱ्यांपुरते बोलायचे तर मानसशास्त्रज्ञ पॉल एकमन आणि वॉलेस फ्रीसन यांनी १९६९ मध्ये केलेली वर्गवारी उपयोगी पडते. काही खुणांना समाजाने ठरवून दिलेला अर्थ असतो, आणि त्या शब्दाच्या जागी चालतात. लोकलमध्ये उभ्या असलेल्या बाईने हनुवटी किंचित वर करून भुवया उंचावल्या की बसलेली ओळखते, 'कुठे उतरणार?' असा तो प्रश्न आहे. तिने बोटाने पुढच्या स्टेशनाची दिशा दाखवली की सौदा झाला, आणि त्या जागेवर आता तिसरी कोणी बसू लागली तर डब्यातली इतर माणसेही साक्ष देतात. परगावहून आलेल्या माणसाला या खुणा कळत नाहीत, कारण त्या शिकाव्या लागतात. मान हलवण्याचेही तसेच आहे. आपण होकारासाठी मान वरखाली करतो, बल्गेरियात तीच खूण नकाराची ठरते. आणि आपली ती दोन्ही बाजूंना डोलणारी मान 'हो', 'ठीक', 'कळले' आणि 'बरं, बोला पुढे' यांपैकी नेमके काय सांगते, हे परदेशी सहकाऱ्यांना समजावताना ऐरोलीतील लोकांची नेहमीच दमछाक होते.

ठरवून दिलेल्या खुणांचे टोक पाहायचे असेल तर रुमालाखालचा सौदा आठवावा. गुरांच्या बाजारात आणि घाऊक बाजारांत दोन माणसे हातावर रुमाल किंवा उपरणे टाकून, आत एकमेकांची बोटे दाबून भाव ठरवत आली आहेत. नवी मुंबईत वाशीच्या फळबाजारातही हापूसच्या हंगामात या पद्धतीची चर्चा होत असते. बाहेर दोघेही भलतेच काही बोलत असतात, चेहरे कोरे असतात, आणि खरा व्यवहार बोटांच्या पेरांवर चाललेला असतो. बाजार समितीच्या नियमांना उघड लिलाव अभिप्रेत असतो याचे कारण येथेच आहे, कारण ज्याच्या मालाचा भाव ठरतो त्या शेतकऱ्याला हे संभाषण ऐकूही येत नाही आणि दिसतही नाही. देहबोली म्हणजे मनातले खरे उघड करणारी गोष्ट, असे मानणाऱ्यांनी या रुमालाचा विचार करावा.

दुसऱ्या प्रकारचे हातवारे बोलण्याच्या सोबतीने येतात आणि एकटे असताना त्यांना अर्थ नसतो. फोनवर रस्ता सांगताना आपण डावीकडे हात करतो, पलीकडच्याला तो दिसत नाही हे माहीत असूनही. ही केवळ पाहून लागलेली सवय असावी असे वाटेल, पण इव्हर्सन आणि गोल्डिन-मेडो यांनी १९९८ मध्ये जन्मांध व्यक्तींचा अभ्यास केला, तेव्हा ज्यांनी आयुष्यात कोणाचाही हात हलताना पाहिलेला नव्हता तेही बोलताना हातवारे करत होते, आणि ऐकणाराही अंध आहे हे ठाऊक असताना करत होते. म्हणजे हे हात समोरच्यासाठी जितके हलतात तितकेच बोलणाऱ्याच्या स्वतःच्या विचारासाठी हलतात. प्रशिक्षणार्थींना 'हात स्थिर ठेवा' असे बजावणाऱ्यांशी माझे याच कारणासाठी पटत नाही. हात बांधून उभे केलेले लोक अधिक अडखळतात, असे मला दिसते.

दोन माणसांमधल्या अंतराच्या बाबतीत मानववंशशास्त्रज्ञ एडवर्ड हॉल यांचे नाव सर्वत्र घेतले जाते. १९६६ च्या आपल्या पुस्तकात त्यांनी जवळच्या नात्याचे अंतर सुमारे ४५ सेंटिमीटरपर्यंत, ओळखीच्या माणसाचे १.२ मीटरपर्यंत आणि औपचारिक व्यवहाराचे ३.६ मीटरपर्यंत असल्याचे मांडले. ही मापे अमेरिकेच्या ईशान्य भागातील मध्यमवर्गीय लोकांच्या निरीक्षणातून आली होती आणि ती सर्वत्र लागू नाहीत, हे त्यांनीच नमूद केले होते, पण स्लाइडवर ती तळटीप येत नाही. मुंबईच्या लोकलसाठी रेल्वेच्या परिभाषेत एका चौरस मीटरमध्ये १४ ते १६ उभे प्रवासी असा गर्दीचा एक प्रकार आहे. हॉल यांची मोजपट्टी तेथे लावली तर सगळा डबा एकमेकांचा जिवलग ठरेल. प्रत्यक्षात काय होते, याचे स्पष्टीकरण अर्गाइल आणि डीन यांच्या १९६५ च्या निबंधात सापडते. जवळीक दाखवणाऱ्या खुणांमध्ये माणूस तोल सांभाळतो. अंतर नाइलाजाने कमी झाले तर नजर कमी करतो. म्हणूनच सकाळच्या डब्यात नाकासमोर नाक असताना सगळे पंख्याकडे, खिडकीबाहेर किंवा फोनकडे पाहतात. ती शिष्टाचाराची पद्धत आहे, आणि ती मोडून कोणी रोखून पाहू लागला की एक शब्दही न उच्चारता भांडण सुरू होते.

नजरेच्या या प्रश्नावरून मी मुलाखतींच्या विषयाकडे येते, कारण तेथे या अर्धवट ज्ञानाने खरे नुकसान होते. एका कंपनीच्या निवड समितीत मी बसले असताना घणसोलीच्या एका मुलाविषयी शेरा लिहिला गेला, 'डोळ्यांना डोळा देत नाही, काहीतरी लपवत असावा.' मोठ्यांशी बोलताना नजर खाली ठेवावी हे घरात शिकवले गेलेली मुले आपल्याकडे हजारो आहेत. जी खूण घरी आदर म्हणून वाचली जाते, तीच पहिल्या नोकरीच्या दारात अप्रामाणिकपणा म्हणून वाचली जाते. नजर टाळणे हे खोटेपणाचे लक्षण आहे, या समजुतीला संशोधनाचा पाठिंबाही नाही. बाँड आणि डिपॉलो यांनी २००६ मध्ये अनेक प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र तपासले, तेव्हा खरे-खोटे ओळखण्यात लोक सरासरी ५४ टक्के वेळा बरोबर ठरले. नाणे उडवले असते तर ५० टक्के वेळा बरोबर ठरले असते. चेहऱ्याचेही तसेच आहे. काही मूलभूत भावना जगभर सारख्याच चेहऱ्याने व्यक्त होतात, या एकमन यांच्या प्रसिद्ध मतावर अलीकडे मोठे आक्षेप घेतले गेले आहेत, आणि कपाळावरच्या आठीवरून राग ओळखणे भरवशाचे नाही, असे सांगणारा सविस्तर आढावा लिसा फेल्डमन बॅरेट व सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये मांडला. ती आठी उन्हाने, चष्म्याच्या वाढलेल्या नंबराने किंवा अवघड प्रश्नानेही पडते. त्या मुलाला समितीतल्या एकाने त्याच्या कॉलेजच्या प्रकल्पाविषयी नीट विचारले, तेव्हा तो पाच मिनिटे न थांबता बोलला, टेबलाकडे पाहतच.

शेवटी आवाज आणि वेळ. संस्कृत साहित्यशास्त्रात स्वरातल्या ज्या बदलाने वाक्याचा अर्थ फिरतो त्याला काकू म्हटले आहे. "फारच लवकर आलात" हे वाक्य कौतुकाने म्हटले की स्वागत होते आणि शेवटचा शब्द लांबवला की टोमणा होतो. वेळेचे गणित मात्र यापेक्षा सूक्ष्म आहे. २००९ मध्ये १० भाषांतल्या संभाषणांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. एकाचे बोलणे संपून दुसऱ्याचे सुरू होईपर्यंत सरासरी साधारण २०० मिलिसेकंद जातात, असे त्यात आढळले. एखादी वस्तू पाहून तिचे नाव उच्चारायलाच सुमारे ६०० मिलिसेकंद लागतात. म्हणजे समोरच्याचे वाक्य कोठे संपणार हे ओळखून आपण उत्तराची जुळवाजुळव आधीच सुरू केलेली असते. उत्तराला थोडा जरी जास्त वेळ लागला तरी आपण त्याचा अर्थ लावतो, "शनिवारी याल ना?" यानंतरच्या अर्ध्या सेकंदाच्या शांततेत नकार ऐकू येतो, मग तोंडाने 'हो' आले तरी.

ऑनलाइन बैठकांत नेमके हेच बिघडते. जोडणीमुळे आवाज अर्धा सेकंद उशिरा पोहोचला की दोघे एकदम बोलतात, दोघेही थांबतात, आणि मग "तुम्ही बोला", "नाही नाही, तुम्ही बोला" यात वेळ जातो. त्यातही उशीर तंत्रामुळे झालेला असला तरी समोरचा माणूस थंड आहे, असाच ग्रह होतो. त्यात भर म्हणजे आपल्याकडे ऐकणारा गप्प बसून ऐकत नाही. "हं", "अच्छा", "बरं", "मग?" अशी साथ तो सतत देत असतो, आणि फोनवर ती थांबली की बोलणारी व्यक्ती वाक्य अर्धवट सोडून विचारते, "ऐकतोयस ना?" बैठकीत सगळ्यांचे कॅमेरे बंद आणि माइकही बंद असले की ही साथ पूर्णपणे तुटते, आणि बोलणारा दर दोन मिनिटांनी "माझा आवाज येतोय ना?" असे विचारू लागतो. महाप्यातील एका गटाने यावर उपाय म्हणून कोणी बोलत असताना किमान दोघांनी आपले माइक चालू ठेवावेत, असे ठरवले. त्यानंतर तो प्रश्न बराच कमी झाला. सकाळच्या बैठकीत कुकरच्या शिट्ट्या मात्र सर्वांना ऐकू येऊ लागल्या आणि त्या कोणाच्या घरच्या, यावर पहिली पाच मिनिटे चर्चा होऊ लागली.